भावाच्या रिपोर्टमध्ये 'ग्लायोसिस' लिहिलंय, म्हणजे काय?

प्रश्न
धाकट्या भावाला नवव्या वर्षापासून फिट येते. तीन गोळ्या बदलून झाल्या, शेवटी टेम्पोरल लोबचं ऑपरेशन केलं. रिपोर्टमध्ये लिहिलंय : हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस, चेतापेशी कमी, ग्लायोसिस ठळक. आजवर चेतापेशी भडकतात म्हणून फिट येते, एवढंच ऐकलं होतं. मग ग्लिया पेशींचं हे काय? गाठ तर नाही ना? आई दोन रात्री झोपलेली नाही.

उत्तर
या शब्दांचा अर्थ गाठ असा होत नाही, हे आईला आधी सांगा. ग्लायोसिस म्हणजे मेंदूतला वण, चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशी जाडावून झालेला. मी प्रयोगशाळेत मेंदूचे असेच पातळ काप रंगवते. जीएफएपी या प्रथिनाचा रंग चढला की ताऱ्याच्या आकाराच्या ग्लिया पेशी, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट तपकिरी दिसू लागतात. निरोगी कापात त्यांच्या फांद्या बारीक असतात आणि प्रत्येकीची जागा वेगळी. स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे टेम्पोरल लोबमधला हिप्पोकॅम्पस हा आठवणींचा भाग आकसून कडक होतो तेव्हा, त्या जाडजूड होऊन एकमेकींत गुंततात, आणि जिथे चेतापेशींची दाट रांग हवी तिथे नुसतं तपकिरी जाळं. इतकी वर्षं पाहतेय, तरी दर वेळी जीव हळहळतो.

जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खोने 1856 मध्ये या पेशींना 'ग्लिया', म्हणजे डिंक, म्हटलं आणि त्या नावानेच त्यांच्यावर अन्याय झाला. चेतापेशी पेटली की पोटॅशियम बाहेर पडतं. अ‍ॅस्ट्रोसाइट ते केआयआर 4.1 या वाहिनीतून आत घेते आणि शेजारणींकडे पुढे सरकवते. ग्लुटामेट हे चेतापेशींना चेतवणारं रसायनही तीच उचलते. अशा वणात ही वाहिनी कमी झालेली आढळते, शेजारणींमधले दुवेही तुटलेले असतात. पोटॅशियम साचतं आणि आसपासच्या चेतापेशी जरा कशाने पेटतात.

प्रश्नकर्ती
म्हणजे वणामुळे फिट, की फिटमुळे वण?

उत्तर
दोन्ही. फिट वण वाढवते, पण बिघाडाची सुरुवात ग्लियाकडूनही होऊ शकते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात केनेट हे फिट आणणारं रसायन टोचल्यावर चार तासांतच अ‍ॅस्ट्रोसाइटमधले दुवे ढिले पडले होते. चेतापेशी मरणं आणि आपोआप फिट येणं हे त्यानंतरचं. माणसांतही, केआयआर 4.1 च्या जनुकात जन्मतः दोष असलेल्या मुलांना फिट येते, हे 2009 मध्ये समजलं. आपल्या बहुतेक गोळ्या मात्र चेतापेशींवरच काम करतात. ग्लियासाठी औषध शोधायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक उत्तर
माझंही हेच ऑपरेशन झालंय. वण काढला, आता गोळी कशाला, असं म्हणत मी सहाव्या महिन्यात ती परस्पर बंद केली आणि जिन्यात फिट येऊन पडलो. कपाळावर सात टाके. भावाला सांगा, गोळी कधी कमी करायची ते डॉक्टरच ठरवतील.

प्रश्नकर्ती
आईला सगळं वाचून दाखवलं. 'वण' हा शब्द तिला कळला. भावाची गोळी आता ती स्वतःच्या हाताने देते.