प्लॅस्टिक मॉडेलच्या छंदाचा खर्च

प्रश्न: विमानांची मॉडेल जोडण्याचा छंद सुरू करायचा आहे, परंतु किटपेक्षा एअरब्रश (रंग फवारण्याचे उपकरण) आणि त्याला दाबाखालची हवा पुरवणारा कॉम्प्रेसर यांचाच खर्च अधिक दिसतो. सुरुवात कशी करावी?

उत्तर १: एअरब्रशची घाई करू नये. १/७२ प्रमाणातील (मूळ विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर भरतात, आणि एवढ्या जागेवर पातळ केलेल्या ॲक्रिलिक रंगाचे दोन-तीन हात चपट्या ब्रशने, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन दिले, तर फराटे सहसा उठत नाहीत.

उत्तर २: सहमत आहे. मात्र किटचे भाग चौकटीतून कापून सुटे करण्याच्या चांगल्या कटरवर अवश्य खर्च करावा, कारण बोथट कटरने प्लॅस्टिक चिरडून पांढरे पडते. कापलेल्या कडा घासण्यासाठीचा वॉटर पेपर (पाण्यासह वापरायचा बारीक पॉलिश पेपर) हार्डवेअरच्या दुकानातलाच पुरतो.

उत्तर ३: किट परदेशातून मागवणार असाल, तर सीमाशुल्क आणि टपालखर्च आधीच किमतीत धरावा.