मदत हवी आहे: कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढलंय, बारदान्याची बाकी कुठे मागायची?

लातूरच्या एका डाळ मिलला (प्रायव्हेट लिमिटेड) आम्ही बारदाना द्यायचो. 4 लाख 60 हजार बाकी आहे. शेवटचं बिल मार्च 2023 चं. जानेवारी 2024 मध्ये डायरेक्टरनी लेटरहेडवर बाकी कबूल करून सही-शिक्का दिलाय, मूळ कागद माझ्याकडे आहे. वैयक्तिक हमी मात्र घेतली नव्हती, चूक झाली.

वकिलाची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली, 'कंपनी बंद' शेरा मारून परत आली. एमसीएच्या (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) साइटवर पाहिलं तर 'स्ट्राइक ऑफ', म्हणजे नाव काढलेलं. गोडाऊनचा उतारा काढला. तो अजून कंपनीच्याच नावावर, बोजा कुणाचाच नाही. म्हणून आशा आहे. दिवाळखोरीची केस झालेली नाही.

कंपनी कायद्याच्या कलम 252 खाली येणेकऱ्याला कंपनी पुन्हा रजिस्टरवर आणण्यासाठी 20 वर्षांपर्यंत एनसीएलटीत (कंपनी न्यायाधिकरण, आपल्यासाठी मुंबईला) अर्ज करता येतो आणि 248(7) प्रमाणे डायरेक्टरांची जबाबदारी संपत नाही, एवढं वाचलंय. पण मुंबईच्या फेऱ्या परवडत नाहीत, आणि कबुलीपासूनची दावा टाकायची 3 वर्षांची मुदत जानेवारी 2027 ला संपते.

तेव्हा आधी मुंबईला कंपनी पुन्हा रजिस्टरवर आणावीच लागेल, की लातूरच्या कोर्टात थेट दावा टाकता येईल? आणि एनसीएलटीचा निकाल येईपर्यंत ती 3 वर्षांची मुदत थांबते का?