जून फोरे यांची प्रदीर्घ कारकीर्द आणि आवाजाचे वय

शब्दवेल्हाळ (विलेपार्ले) :

नमस्कार. गेल्या महिन्यात अंधेरीतील एका स्टुडिओत मी आवाजाची चाचणी देऊन आले. महाविद्यालयात असताना एकांकिका केल्या होत्या, त्यानंतर एकवीस वर्षे बँकेत नोकरी झाली, आणि मुलीची दहावी संपल्यावर पुन्हा काहीतरी करावे असे वाटू लागले, म्हणून एका मैत्रिणीच्या ओळखीने तेथे गेले होते. काचेपलीकडच्या तरुणाने मी वाचलेले दोन उतारे नीट ऐकून घेतले आणि अगदी अदबीने सांगितले, "मॅडम, आवाज चांगला आहे, पण कार्टूनसाठी आता जरा उशीर झाला."

त्या रात्री झोप येईना. मुलगी लहान असताना आमच्या घरी ‘ट्वीटी’ सतत चालू असे. त्या पिवळ्या पक्ष्याला मांजरापासून वाचवणाऱ्या, छत्री उगारणाऱ्या आजीबाईंना मूळ इंग्रजीत कोणाचा आवाज होता, एवढेच मी शोधायला बसले आणि जून फोरे या नावाशी येऊन थांबले. त्यांचा जन्म १८ सप्टेंबर १९१७ चा, मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डचा. बाराव्या वर्षी त्या रेडिओवर होत्या. १९५० च्या ‘सिंड्रेला’मधील ल्युसिफर हे दुष्ट मांजर त्यांचे, १९५९ पासून उडत्या खारीचा, म्हणजे रॉकीचा आवाज त्यांचा, आणि १९९८ च्या ‘मुलान’मधील आजीही त्यांचीच. २०१२ साली ‘द गारफिल्ड शो’मधील एका चेटकिणीच्या भूमिकेसाठी त्यांना एमी पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या ९४ वर्षांच्या होत्या. २६ जुलै २०१७ रोजी त्या गेल्या. शंभरी गाठायला दोन महिनेही उरले नव्हते.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे, की एवढी वर्षे आवाज टिकतो तो नेमका कशाच्या बळावर? ही निव्वळ देणगी असते की त्यामागे काही रीत असते? आणि आपल्याकडे बहुतेक काम डबिंगचे असताना त्यांच्या उदाहरणाचा आपल्याला कितपत उपयोग आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना श्रोता (दादर) :

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला तरी एका शब्दात देता येते, आणि तो शब्द म्हणजे रेडिओ. फोरे काय किंवा बग्ज बनीचे मेल ब्लँक काय, ही सगळी मंडळी रेडिओच्या शाळेत तयार झालेली होती. फोरे यांनी तर किशोरवयातच ‘लेडी मेक बिलीव्ह’ नावाचा स्वतःचा कार्यक्रम लिहून सादर केला होता. रेडिओवर चेहरा नाही, वेशभूषा नाही, आणि एकाच श्रुतिकेत एकाच नटाला तीन माणसे उभी करावी लागतात. अशा वेळी गळा निरनिराळ्या तऱ्हेने आवळून भागत नाही, माणूसच बदलावा लागतो. त्याचा श्वास किती लांब आहे, तो वाक्याच्या सुरुवातीला घाई करतो की शेवटी, बोलताना त्याची मान कोठे असते, हे एकदा ठरले की आवाज आपोआप त्याच्या मागे येतो.

रॉकीच्या मालिकेत रॉकी फोरे यांचाच आणि त्याच्या जिवावर उठलेली नताशाही त्यांचीच, म्हणजे कित्येक प्रसंगांत बाई स्वतःशीच भांडत आहेत. हे ध्वनिमुद्रण श्रुतिकेसारखेच, सगळे नट एकत्र उभे राहून होत असे. ऐकून पाहा, रॉकीचे शब्द पुढे धावतात आणि नताशाचे मागे रेलून बसतात. पट्टीतला फरक वाटतो तेवढा मोठा नाही, चालीतला मात्र फार मोठा आहे.

आपल्या मुंबई आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ ज्यांनी ऐकले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच समजेल. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर या तिघांनी नुसत्या आवाजावर एक अख्खे घर उभे केले होते. कुडतरकरांचे टेकाडे भावजी दारातून आत आले हे ते काही बोलण्यापूर्वीच कळायचे.

मी स्वतः काही वर्षे नैमित्तिक कलाकार म्हणून श्रुतिकांत किरकोळ कामे केली. पहिल्याच दिवशी एका ज्येष्ठ बाईंनी माझ्या संहितेची टाचणी काढून टाकली आणि सगळी पाने सुटी करून हातात दिली. वाचून झालेले पान उलटायचे नाही, कारण ती सळसळ माइक पकडतो. ते हलकेच खाली सतरंजीवर सोडून द्यायचे. कार्यक्रम संपला की पायाशी पानांचा सडा पडलेला असे. दूरचा आवाज हवा असेल तर ओरडायचे नाही, दोन पावले मागे सरून मान वळवायची. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय लागलेल्यांना हे शिकताना सर्वांत जड जाते, आणि आपली पार्श्वभूमी एकांकिकांची आहे म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

एक तपशील जोडतो. आजीबाई फोरे यांच्याकडे १९५५ साली आल्या. त्यापूर्वी ती भूमिका बी बेनाडेरेट करीत. म्हणजे दुसऱ्या नटीने रुजवलेले पात्र त्यांनी उचलले आणि पुढे इतकी वर्षे सांभाळले, की लोक पहिलीला विसरले. याचे मला बेनाडेरेट यांच्यासाठी थोडे वाईटही वाटते.

ओठजुळव्या (गोरेगाव) :

मी बारा वर्षांपासून हिंदी आणि मराठी डबिंगसाठी लिहितो आणि अधूनमधून आवाजही देतो, त्यामुळे शब्दवेल्हाळताईंच्या शेवटच्या प्रश्नापुरते लिहितो.

फोरे यांच्या कामात आणि आमच्या कामात एक मूलभूत फरक आहे. तिकडे आधी आवाज ध्वनिमुद्रित होतो आणि मग चित्रकार त्या आवाजावर तोंडाच्या हालचाली रेखाटतो. नट एखाद्या शब्दावर रेंगाळला तर पात्रही रेंगाळते. आमच्याकडे सगळे उलटे असते. चित्र दुसऱ्या भाषेत तयार होऊन आलेले असते, तोंडे उघडून मिटून झालेली असतात, आणि त्या ठरलेल्या उघडझापीत आमचे वाक्य बसवायचे असते. उदाहरण द्यायचे तर पात्र ‘स्टॉप’ असे ओरडते, तेव्हा शेवटच्या प-काराला त्याचे ओठ मिटतात. मराठीत आमचे नशीब थोर, कारण ‘थांब’ म्हटले की ब-काराला ओठ तसेच मिटतात. हिंदीत ‘रुको’ म्हटले की कलाकाराचे तोंड उघडे आणि पडद्यावरचे बंद, मग ‘रुको अब’ असे काहीतरी जुळवावे लागते. प, फ, ब, भ आणि म या पाच अक्षरांनी माझी अर्धी हयात खाल्ली आहे.

शिवाय तिकडच्यासारखे चार जण एकत्र उभे राहणे आमच्या वाट्याला क्वचितच येते. बहुतेक वेळा कलाकार एकटाच असतो. कानात मूळ भाषेतील ट्रॅक, समोर पडद्यावर टाइमकोड, म्हणजे वेळ दाखवणारे आकडे, पळत आहेत, आणि ज्याच्याशी आपण भांडतो आहोत त्याचे ध्वनिमुद्रण कदाचित परवा होणार आहे. म्हणून फोरे यांनी जे केले ते आम्ही जसेच्या तसे करू शकत नाही, पण जुन्या श्रोत्यांनी सांगितलेली चाल पकडण्याची विद्या आम्हालाही तेवढीच लागते, कारण मूळ नटाची चाल कानाने उचलून ती आपल्या भाषेत चालवून दाखवायची असते.

आता ‘उशीर झाला’ या शेऱ्याविषयी. तो तरुण बहुधा लहान मुलांच्या पात्रांचा विचार करीत असावा, आणि तेथेही त्याचे म्हणणे मला मान्य नाही. कार्टूनमधील मुलगा वर्षानुवर्षे मुलगाच राहतो. खऱ्या मुलाचा आवाज मात्र फुटतो, म्हणून ही पात्रे जगभर बहुतेकदा मोठ्या वयाच्या बायकाच करतात. जपानी डोरेमॉनला नोबुयो ओयामा यांनी १९७९ ते २००५ आवाज दिला. शिनचॅनला अकिको याजिमा यांनी १९९२ ते २०१८ आवाज दिला, आणि त्या सव्वीस वर्षांत शिनचॅन पाच वर्षांचाच राहिला. हिंदीत ‘निंजा हातोडी’ मेघना एरंडे यांच्या आवाजात बोलतो. मोठ्या पात्रांचे तर विचारूच नका. दूरदर्शनच्या १९९३ मधील ‘जंगल बुक’मध्ये शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरला, आणि २०१६ चा चित्रपट हिंदीत आला तेव्हा तेवीस वर्षांनंतर तोच शेरखान पुन्हा त्याच गळ्यातून आला. त्या तेवीस वर्षांनी आवाजात जो खर उतरला, तो शेरखानाच्या पथ्यावरच पडला, असे मला वाटते.

काही व्यावहारिक गोष्टी. बांगड्या, पैंजण, खळ घातलेली साडी आणि कुरकुरणाऱ्या चपला स्टुडिओबाहेर ठेवाव्यात. उपाशी पोटी कधीही येऊ नये, कारण पोटातील गुरगुर माइक इतकी स्पष्ट पकडतो की चांगला टेक वाया जातो. किंकाळ्या, धडपडणे, हाणामारी यांना आम्ही ‘एफर्ट्स’ म्हणतो, आणि ते नेहमी शेवटी करून घ्यावेत असे आधीच नम्रपणे सांगावे. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात ज्याने किंकाळ्या मारल्या, त्याचा दुपारचा आवाज गेलाच म्हणून समजा.

कंठाळी (ठाणे) :

मी वाक्-उपचारतज्ज्ञ आहे, म्हणून थोडे शास्त्राचे. आवाज म्हातारा होतो, याबाबत कोणी भ्रमात राहू नये. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा आवाज साधारणपणे खाली उतरतो, उतारवयात पुरुषांचा किंचित वर चढतो, स्वरतंतूंची लवचीकता आणि ओलावा कमी होतो आणि श्वास तोकडा पडतो. फोरे यांनाही हे चुकलेले नाही. १९५९ मधला रॉकी आणि २००० सालच्या चित्रपटातला रॉकी लागोपाठ ऐका. माझ्या कानाला दुसऱ्याच्या कडेला स्पष्ट खरखर जाणवते. तरीही रॉकी तोच वाटतो, कारण ओळख पटवणारी गोष्ट लय आहे. २०१४ च्या रॉकीच्या लघुपटापर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

सरावासाठी दोनच गोष्टी सांगते. रोज सकाळी ओठांची फुरफुर करीत सा ते सा सावकाश चढ-उतार करावेत, आणि वारंवार खाकरण्याची सवय मोडावी, कारण त्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. घसा बसला असताना कुजबुजून बोलल्याने विश्रांती मिळते हा समजही चुकीचा आहे. त्यापेक्षा गप्प बसावे.

रीळवेडा (गिरगाव) :

सगळे गळ्याविषयीच बोलत आहेत, म्हणून थोडे चेहऱ्याविषयी. फोरे पडद्यावर फार कमी दिसल्या, पण ज्या १९५४ च्या ‘सबाका’ चित्रपटात त्या दिसतात, त्याची कथा भारतात घडते. बोरिस कार्लोफ सेनापती आहेत आणि आपल्या आजीबाई अग्निपूजक पंथाच्या पुजारीण! एकूण प्रकार मुंबईकराने गांभीर्याने पाहावा असा नाही, पण त्या दृश्यांत त्यांचा आवाज डोळ्यांपेक्षा कितीतरी अधिक काम करतो.

त्यांचे माझे सर्वांत आवडते काम मात्र बाहुलीचे आहे. त्या काळात दोरी ओढली की बोलणारी ‘चॅटी कॅथी’ नावाची बाहुली घरोघरी होती आणि तिचा गोड आवाज फोरे यांचा होता. १९६३ साली ‘ट्वायलाइट झोन’ या दूरचित्रवाणी मालिकेत अशीच एक बाहुली आली. तिचे नाव ‘टॉकी टीना’, आवाज पुन्हा फोरे यांचाच, आणि ती तशाच गोड सुरात घरच्या माणसाला ठार मारण्याची धमकी देते. सूर जराही खाली उतरवलेला नाही, म्हणूनच अंगावर काटा येतो.

आणखी एक मुद्दा राहून जाऊ नये. जुन्या वॉर्नर कार्टूनपटांच्या श्रेयनामावलीत बराच काळ आवाजासाठी फक्त मेल ब्लँक यांचे नाव असे, कारण त्यांच्या करारातच ते होते, बाकीचे निनावी. फोरे नुसत्या कुढत बसल्या नाहीत. हॉलिवूडमधील अॅनिमेशनकारांची संघटना उभी करण्यात त्या पुढे होत्या, १९७२ मध्ये सुरू झालेले अॅनी पुरस्कार त्यांच्याच पुढाकाराने आले, आणि अॅनिमेशनच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला वेगळा ऑस्कर असावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. तो पहिल्यांदा २००२ च्या सोहळ्यात दिला गेला. आपल्याकडे डब झालेल्या मालिकेच्या शेवटी आवाज देणाऱ्यांची नावे शोधून पाहा. बहुतेकदा हाती काही लागत नाही.

शब्दवेल्हाळ (विलेपार्ले) :

सर्वांचे मनापासून आभार. जुन्या श्रोत्यांनी सांगितल्यावर मी बँकेच्या जुन्या परिपत्रकांच्या कोऱ्या बाजूंवर एक उतारा लिहिला आणि सुटी पाने खाली सोडत वाचून पाहिला. तिसऱ्या पानाला पंख्याच्या वाऱ्याने घोटाळा केला, म्हणून पंखा बंद करून कपाटाचे दार उघडले आणि साड्यांकडे तोंड करून पुन्हा वाचले. मोबाइलवर ऐकल्यावर लक्षात आले की मी प्रत्येक वाक्य समोरच्या बाल्कनीतल्या माणसाला ऐकू जावे अशा बेताने बोलते आहे. मग आजीबाई आणि मांजर असे दोघांचे संवाद करून पाहिले. पट्टी न बदलता नुसती चाल बदलायची, हे ऐकायला सोपे वाटते, पण अकराव्या प्रयत्नापर्यंत दोन्ही पात्रे बँकेच्या काउंटरवरच बसलेली होती. बाराव्याला मांजर थोडे हलले. स्वयंपाकघरातून मुलीने विचारले, "आई, घरात कोणी आले आहे का?"

येत्या शनिवारी दुसऱ्या एका ठिकाणी गर्दीच्या आवाजांसाठी बोलावणे आले आहे. बाजारात कलकलाट करणाऱ्या सात-आठ बायकांपैकी मी एक असेन. ओठजुळव्या, मनगटी घड्याळ घातलेले चालते का?

ओठजुळव्या (गोरेगाव) :

ठोके ऐकू येणारे असेल तर काढून ठेवा. आणि सकाळी पोहे खाऊन या.