‘रिसोर्स कर्स’ला मराठीत काय म्हणाल?

अनुवादिका: अर्थशास्त्रावरच्या लेखांचं भाषांतर करतेय. रिचर्ड ऑटी यांनी १९९३ साली रूढ केलेली ‘रिसोर्स कर्स’ ही संज्ञा पानोपानी येते. तेल, वायू, खनिजं मुबलक असूनही बरेच देश अपेक्षेपेक्षा मागे राहतात, असा अर्थ. मी ‘संसाधनांचा शाप’ लिहिलं. संपादकांनी दोन्ही शब्द खोडले. म्हणे संसाधन हिंदी आणि शाप पौराणिक. काय लिहू?

जुना मास्तर: संपादकांचं बरोबर आहे. तीस वर्षं मी फळ्यावर ‘नैसर्गिक साधनसंपत्ती’ लिहिलं, कुणाचं काही अडलं नाही.

कोशवेडी: सर, गोची तिथेच आहे. साधनसंपत्ती म्हटलं की ती संपत्तीच, हे आधीच मान्य करून टाकलं. वाद तर नेमका त्यावरच आहे ना? बाकी संपत्ती आणि विपत्ती दोन्ही ‘पद्’ धातूचे, फक्त उपसर्ग वेगळा. माझं मत ‘संपत्तीची विपत्ती’ला.

जुना मास्तर: ऐकायला छान. संज्ञा म्हणून चालणार नाही.

खाणवाला: माझा शापाला विरोध वेगळ्या कारणाने. शाप कुणीतरी देतं. इथे कोणी दिला? नेदरलँड्समध्ये १९५९ साली ग्रोनिंगनला प्रचंड वायू सापडला. वायूच्या निर्यातीमुळे गिल्डर, म्हणजे तिथलं तेव्हाचं चलन, वधारला, तिथल्या कारखान्यांचा माल परदेशात महाग पडू लागला आणि कारखानदारी खचली. ‘द इकॉनॉमिस्ट’ने १९७७ साली याला ‘डच डिसीज’ म्हटलं. यात शाप कुठे आहे? चलनाचा भाव आहे.

कोशवेडी: त्याला ‘डच रोग’ म्हणायचं की ‘डच आजार’? रोग म्हटलं की मला पिकावरचा वाटतो.

अनुवादिका: शाप सोडवत नाही, कारण आपल्याकडे त्याला उःशाप असतो. नॉर्वेने १९९० साली कायदा करून निधी उभारला. तेलाचा पैसा परदेशात गुंतवायचा आणि सरकारने साधारण अपेक्षित परताव्याइतकाच खर्चायचा, आधी वर्षाला निधीच्या ४ टक्के, २०१७ पासून ३. बोट्स्वानाला स्वातंत्र्यानंतर वर्षभरात, १९६७ साली, हिरे सापडले. पुढे कित्येक वर्षं त्यांची अर्थव्यवस्था जगात सर्वांत वेगाने वाढणाऱ्यांत होती. इतका नेमका शब्द हाताशी असताना तो टाकून द्यायचा?

खाणवाला: नॉर्वेला शाप लागलाच नाही, तर उःशाप कसला? त्यांनी मुद्दल शाबूत ठेवलं. टनभर खनिज उकरून विकलं की राष्ट्रीय उत्पन्नात भर पडते, जमिनीतून तेवढं कमी झालं त्याची वजावट मात्र होत नाही. पॅसिफिकमधल्या चिमुकल्या नाउरू बेटाचं तेच झालं. फॉस्फेटच्या जोरावर एकेकाळी दरडोई उत्पन्नात जगात वरच्या रांगेत. साठा आटला तशी तिजोरीही आटली. याला आपण ‘मुद्दल मोडून खाणं’ म्हणतो, मराठी माणसाला ते फोडून सांगावं लागत नाही.

जुना मास्तर: मुद्दल म्हणजे व्याजी लावलेली मूळ रक्कम. जमिनीतलं तेल कोणी व्याजी लावलं होतं?

खाणवाला: घरात पडून असलेलंही मुद्दलच की.

जुना मास्तर: नाही. ती पुंजी.

अनुवादिका: उद्या चौथं प्रकरण द्यायचंय! तूर्त ‘साधनसंपत्तीचा शाप’ लिहिते.

कोशवेडी: आणि डच रोगाचं?

जुना मास्तर: त्याआधी हे सांगा, ‘ग्रोथ’ला काय लिहिलंय? विकास लिहिलं असेल तर ते आधी बदला. तेल विकून वाढ होते, विकास नव्हे.

कोशवेडी: वाढ की वृद्धी?