चॉसरमधलं 'लेट': वाट देणं की वाट अडवणं?

जुनी_पोथी:
चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याच्या 'नाइट्स टेल'च्या (सरदाराने सांगितलेल्या गोष्टीच्या) ८८९ आणि ८९० या लागोपाठच्या ओळी. पहिलीत सरदार म्हणतो, मी या सोबत्यांपैकी कुणालाही 'लेत्तेन' करणार नाही. दुसरीत म्हणतो, 'लात' प्रत्येकाला आपली गोष्ट सांगू. दोन्हीकडे 'देणे' हा अर्थ घेतला तर माणूस एका दमात उलटसुलट बोलतोय. पुढे २७३१व्या ओळीत गोष्टीतला अथेन्सचा अधिपती थीसियस 'लेत क्रीये' करतो. म्हणजे त्याने ओरडू दिलं? हे एकच क्रियापद आहे का?

धातुरूप:
एक नाही, दोन आहेत. जुन्या इंग्रजीत 'लॅतन' म्हणजे सोडणे, जाऊ देणे. आणि 'लेत्तन' म्हणजे अडवणे, खोळंबा करणे. दुसरं 'मंद, उशिरा' अशा अर्थाच्या विशेषणावरून आलं. आजचं 'लेट' (उशीर) तेच. मुळात दोन्ही एकाच जर्मानिक कुळातली, पण चॉसरच्या काळी घरं वेगळी झालेली. ८८९मध्ये अडवणारं आहे, ८९०मध्ये वाट देणारं. म्हणजे 'मी कुणाला अडवत नाही, ज्याची त्याची गोष्ट होऊ द्या.' विरोध कुठेच नाही.

पहिल्याचा, म्हणजे 'लॅतन'चा, पसारा मोठा. परवानगी देणे, मागे टाकणे, भाड्याने देणे, शीर तोडून रक्त काढणे, मानणे, अमुक असल्याचा आव आणणे. 'पिअर्स प्लाउमन' या त्याच काळातल्या काव्यातला वेस्टर (उधळ्या) कायद्याला 'लेत लाइट' करतो, म्हणजे कायद्याची पत्रास ठेवत नाही. तिथे 'कायद्याला परवानगी दिली' असं लावलं की वाक्यच बुडतं. आणि चॉसरच्याच 'मिलर्स टेल'मध्ये ॲलिसन निकोलसला 'लात बे' म्हणते ते 'असू दे' नव्हे. 'सोड मला!'

प्रयोजक:
'लेत क्रीये'साठी मराठी वाचकाला इंग्रजीपेक्षा आपलं व्याकरण कामाला येतं. थीसियसने दवंडी पिटवली. पिटणे–पिटवणे, बांधणे–बांधवणे. मधला माणूस सांगायची गरज नसते, तशीच तिथेही नसते. खूण अशी: 'लेत'नंतर थेट क्रियापदाचं मूळ रूप आलं, ते काम कोण करतो हे दिलेलं नाही आणि कर्ता राजा किंवा धनी आहे, तर बहुतेक प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याकडून काम करवणं. 'लात मी गो'सारखं (मला जाऊ दे) मधे माणूस आला तर बहुधा 'देणे'.

जुनी_पोथी:
मग दुहेरी 'त' दिसला की अडवणे, एकेरी दिसला की देणे, असं धरू?

धातुरूप:
धरू नका, नेमकं तिथेच फसायला होतं. उच्चारात फरक होता: पहिल्याचा स्वर लांब, दुसऱ्याचा आखूड आणि 'त' जोडीचा. पण नकलकार जोडाक्षर पाळतीलच असं नाही, आणि वर्तमानकाळी तृतीय पुरुषात दोन्ही आक्रसून 'लेत' होऊ शकतात. भूतकाळ जास्त भरवशाचा: वाट देणाऱ्याचा 'लेत', अडवणाऱ्याचा 'लेत्ते'. तरी शेवटचा कौल वाक्याचाच. कुणाला 'कशापासून' असा भाग जोडलेला असेल तर अडवणं समजा.

मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजी कोश जालावर फुकट आहे. त्यात या दोघांच्या नोंदी वेगळ्या आहेत, तेव्हा एक उघडून थांबू नका. अर्थ जुळेना तर दुसरी पाहा.

पारपत्र:
पुढे लांब स्वर आखूड झाला, दोघांचं रूप एक झालं आणि एकाच शब्दाला 'होऊ दे' आणि 'होऊ देऊ नको' असे दोन्ही अर्थ चिकटले. अशी जोडी फार काळ नांदत नाही. तरी १६११च्या इंग्रजी बायबलात, थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (२:७), 'लेट' म्हणजे रोखणेच आहे. आणि हॅम्लेट भुतामागे जाताना धमकावतो, मला जो 'लेट' करील त्याचंच भूत करीन.

नाम मात्र अजून जिवंत आहे. टेनिसची सर्व्हिस जाळीला घासून गेली की पंच पुकारतो ते हेच. भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते, तिच्या इंग्रजी मजकुरातही 'लेट ऑर हिंडरन्स' आहे. तिथलं 'लेट' म्हणजे अटकाव.