पद्मिनी गरम झाली की मिसिंग मारून बंद पडते: प्लग, पॉइंट की कॉइल?

घाटमाथा_११००
१९८६ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, पॉइंट-कंडेन्सरवाली (कॉइल प्लगसाठी १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते, पॉइंट हा तिचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच, कंडेन्सर पॉइंटवरचा आर्क आवरतो). थंड असताना अर्ध्या सेल्फला सुरू होते, आयडलिंगही चांगलं. पंचवीस-तीस मिनिटं चालली, त्यातही खंबाटकी घाट लागला, की झटके खायला लागते, ओढत नाही आणि शेवटी बंद. बोनेट उघडून वीसेक मिनिटं थांबलं की पुन्हा सुरळीत. चारही प्लग नवे आहेत. काढून पाहिले तर १, २, ४ फिकट तपकिरी, ३ नंबरचा कोरडा काळा. गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर ओव्हरहॉल करा म्हणतात. त्याआधी काय तपासू?

फिलर_गेज
कार्ब्युरेटर इतक्यात उघडू देऊ नका. गरम होऊन बंद पडणारी गाडी एकतर करंट सोडते किंवा पेट्रोलची वाफ होऊन पंप अडतो. दोन्हींत गाडी सारखीच वागते, म्हणून तपासणी बंद पडल्या पडल्याच करायची. थंड झाल्यावर सगळं चांगलंच दिसणार.

डिकीत एक जादा प्लग आणि १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प ठेवा. गाडी बंद पडली की एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावा, प्लगची बॉडी इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग कार्ब्युरेटरपासून लांब ठेवा, आणि वायर हातात धरू नका. ठिणगी निळी, ‘टक्’ आवाज करणारी हवी. पिवळट, बारीक किंवा अजिबात नसेल तर पेट्रोलचा प्रश्न बाजूला ठेवा.

मग लॅम्पचं एक टोक बॉडीला, दुसरं कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या (चारही प्लगना पाळीने करंट वाटणारा, पॉइंटही त्यातच) टर्मिनलला लावून सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करताहेत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत: गॅप जास्त, तोंडं जळलेली किंवा आतली अर्थ वायर तुटलेली. पेटलाच नाही तर कंडेन्सर शॉर्ट, डिस्ट्रिब्युटरची वायर कुठेतरी घासून बॉडीला लागलेली, किंवा कॉइलपर्यंत करंटच येत नाही.

कुर्ला_मेड
वरचं सगळं बरोबर. मात्र ३ नंबरचा काळा प्लग हा वेगळा आजार आहे, दोन्ही एकात मिसळू नका. कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट चारही सिलिंडरना सामाईक असतात, त्यामुळे त्यांच्या दोषाने एकटा प्लग काळा होत नाही.

३ आणि ४ चे प्लग अदलाबदल करा. काळेपणा प्लगबरोबर ४ वर गेला तर प्लगच खराब, नवा असला तरी. ३ वरच राहिला तर त्या सिलिंडरची एचटी वायर (डिस्ट्रिब्युटरपासून प्लगला जाणारी जाड वायर) पाहा. कार्बन कोअरची असेल तर मीटरवर काही किलोओहम दाखवेल, तांब्याची असेल तर जवळजवळ शून्य. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतून तुटली. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ३ च्या टोकावर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर खरवडून काढा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर कॅप बदला, ती रेघ पुसून जात नाही. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिलं तर फुटक्या वायरीतून ठिणग्या उडताना दिसतात. पावसाळ्यात तर हमखास. हे सगळं ठीक निघालं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा.

हेड ॲल्युमिनियमचं आहे, प्लग इंजिन थंड असतानाच काढा. नवा प्लग आधी हाताने पूर्ण बसवायचा, मग पान्याने अर्धा ते पाऊण फेरा. प्लगचा गॅप ०.६ मिमी. आणि कंपनी बदलली असेल तर नंबरावर जाऊ नका: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा), बॉशमध्ये आकडा वाढला की गरम.

घाटमाथा_११००
धन्यवाद दोघांनाही. घाटात बंद पडल्यावर पाहिलं: ठिणगी पिवळी आणि मधूनच गायब, लॅम्प मात्र व्यवस्थित लुकलुकतोय. कॉइल थंड असताना प्रायमरी (आतलं १२ व्होल्टचं वेटोळं) ३.१ ओहम, सेकंडरी (प्लगकडचं जास्त व्होल्टचं वेटोळं) ९.२ किलोओहम. गरम असताना प्रायमरी ३.५ आणि सेकंडरीला मीटर काहीच दाखवत नाही. हात लावता येत नाही इतकी तापलेली. ३ नंबरची वायर तुटलेली निघाली, चारही बदलल्या.

फिलर_गेज
मग कॉइलच. प्रायमरी ३.१ वरून ३.५ होणं स्वाभाविक आहे, तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो. सेकंडरीची तार मात्र तापल्यावर आतून सुटते आणि गार झाली की पुन्हा टेकते. म्हणूनच वीस मिनिटांनी गाडी चालू होते.

नवी कॉइल घेताना मीटर दुकानात न्या. ३ ओहमच्या आसपासचीच घ्या. दीड ओहमची कॉइल बॅलास्ट रेझिस्टरबरोबर (करंट आवरायला मध्ये जोडलेला रेझिस्टर) वापरायची असते. ती थेट जोडली तर चारच्या जागी आठ अँपिअर ओढते आणि पॉइंट जाळते. कंडेन्सरही आत्ताच बदला, स्वस्त आहे. तो कमजोर असला तर पॉइंट उघडताना आर्क होतो, एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेकडी तयार होते. तशी तोंडं असतील तर पॉइंटही नवे. पॉइंटचा गॅप ०.४५ मिमी, पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना मोजायचा. नव्या पॉइंटला मेणाचा थर असतो, तो पेट्रोलने पुसून घ्या, आणि कॅमवर ग्रीस अगदी तांदळाच्या दाण्याएवढं. गॅप बदलला की टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) हलतं, त्यामुळे टायमिंग सगळ्यात शेवटी लावा.

कुर्ला_मेड
एक राहिलं. इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करून रेडिओ ऐकायची सवय असेल तर सोडा. त्या वेळी पॉइंट मिटलेले असले तर कॉइलमधून चार अँपिअर सतत वाहतात आणि नवी कॉइलही भाजून निघते. रेडिओची वायर ॲक्सेसरीवर घ्या.