'हॅपी' : आधी नशीब, मग आनंद

प्रश्न : 'हॅपी' म्हणजे आनंदी, हे शाळेपासून पाठ आहे. मग 'हॅपी कोइन्सिडन्स' कसा असू शकतो? आनंद माणसाला होतो, योगायोगाला कसा होईल?

उत्तर : तिथे शब्दाचा जुना अर्थ अजून टिकून आहे. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या प्राचीन भाषेत, 'हाप्प' म्हणजे नशीब, तेही चांगलं. इंग्रजीत त्याचं 'हॅप' झालं आणि चौदाव्या शतकात त्यावरून 'हॅपी' विशेषण आलं. अर्थ होता नशीबवान, सुदैवी. ज्याचं दैव बरं तो सुखात असणार, या समजुतीच्या आधाराने शब्द हळूहळू बाहेरच्या परिस्थितीकडून मनाकडे सरकला. म्हणून तो योगायोग सुदैवी, आनंदी नव्हे.

भावंडं पाहिली की खात्री पटते. 'हॅपन' म्हणजे घडणं, 'परहॅप्स' म्हणजे कदाचित, 'मिसहॅप' म्हणजे दुर्घटना. 'हॅपलेस' तर पक्का साक्षीदार : तो दुःखी नसतो, दुर्दैवी असतो. जर्मन 'ग्ल्यूक' आजही नशीब आणि सुख या दोन्हींसाठी चालतो. फ्रेंच 'बॉनर' म्हणजे सुख, त्यातला 'अर' लॅटिनमधल्या शकुनवाचक शब्दातून आलाय.

प्रश्न : त्याआधी इंग्रज सुखी माणसाला काय म्हणत?

उत्तर : एक शब्द होता 'येसेलिग'. भाग्यवान, धन्य, सुखी असा त्याचा अर्थ. त्याचं पुढे जे झालं ते मला फार चटका लावतं. धन्य माणूस निष्पाप मानला गेला, निष्पाप तो बिचारा, बिचारा तो भोळा आणि शेवटी मूर्ख. आजचा 'सिली' तो हाच!

प्रश्न : मराठीत असा प्रवास केलेला शब्द आहे?

उत्तर : 'आनंद' नाही. तो 'नन्द्' धातूतला, पहिल्यापासून हर्षाचाच. मला 'धन्य' जवळचा वाटतो. मुळात 'धन'वरून आलेला, म्हणजे संपन्न, भाग्यवान. पण 'दर्शनाने धन्य झालो' म्हणताना आपण मनाच्या तृप्तीबद्दल बोलतो.

भाषांतर करताना मात्र दर वेळी 'आनंदी' लिहू नका. 'हॅपी चॉइस ऑफ वर्ड्स' म्हणजे समर्पक शब्दयोजना. 'हॅपी टू हेल्प'ला 'आनंदाने मदत करीन' छान बसतं. 'ट्रिगर-हॅपी' माणूस मात्र आनंदीही नाही आणि सुदैवीही नाही, तो उठसूट गोळी झाडायला उतावीळ असतो. विसाव्या शतकातल्या या जोडशब्दात मूळचं नशीब पार पुसलं गेलंय.